अकरा घरांनी दाबलेला एक

१

सकाळी नऊला पंचायतीचं कपाट उघडलं आणि मी दोनदा फळी चाचपली. 'वरचो वाडो' लिहिलेली जाड फाईल जागेवर होती. तिच्या शेजारची, 'खालचो वाडो' लिहिलेली पातळ फाईल नव्हती.

एरवी वायंगणखोलच्या पंचायतीतून एखादी फाईल गेली असती तर कुणी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नसता. पण आदल्या संध्याकाळी नदीला पाणी आलं होतं. सीमेपलीकडच्या धरणाची दारं उघडली की पाऊण तासात ते पाणी आमच्या गावाला लागतं. काल ते खालच्या वाड्यातल्या अकराही घरांत कमरेएवढं शिरलं. म्हैस आणायला नदीकाठी गेलेला बाबली परतला नाही. म्हैस परतली.

असं व्हायला नको म्हणून तर मे महिन्यात एवढा खटाटोप झाला होता. अंगणवाडीच्या सिद्धीनं घरोघर फिरून फॉर्म भरून घेतले, घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, फोन नंबर. कॉम्प्युटरवाल्या पल्लवीनं ते सगळे नंबर सरकारी यंत्रणेत भरले. धरण उघडायचं झालं की यंत्र प्रत्येक नंबराला फोन लावतं. आतली बाई गोड आवाजात सांगते, नदीला पाणी येत आहे, उंच जागी जा, निरोप समजला असल्यास एक दाबा.

काल चार वाजून दहा मिनिटांनी ते फोन सुटले. माझ्याही फोनवर आला. एकदा नाही, लागोपाठ दोनदा. सरकारी यंत्राचं एकदा सांगून समाधान होत नाही. माझं घर वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे, तिथं पाणी चढायचं तर आधी अख्खा पेडणे तालुका बुडायला हवा. मी दोन्ही वेळा एक दाबला आणि उंड्याचा, आमच्याकडच्या गोल कडक पावाचा, तुकडा चहात बुडवला. खालच्या वाड्याची आठवण आली नाही असं नाही. म्हटलं, त्यांनाही फोन गेलाच असणार.

पण खालचा वाडा एका तोंडानं सांगत होता, आमच्याकडे एकही फोन वाजला नाही.

मी भिकाजी, पंचायतीचा शिपाई. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. माझ्याकडे म्हणजे दाराआडच्या खिळ्याला, आणि हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. पण पोलीस काही खिळ्याला पकडून नेत नाहीत. संध्याकाळी पाचला फौजदार येणार होता.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकतो. बाबली माझा व्याही. माझ्या सुविधानं दोन वर्षांपूर्वी त्याच्या विशालशी लग्न केलं, मला न विचारता. सिंधुदुर्गातून कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, कामाला आलेली माणसं ती, पोरगा टिपर चालवणारा, आणि माझं नाक मोठं. मी लग्नाला गेलो नाही. त्या घराची पायरीही चढलो नाही. आठ महिन्यांचा नातू मी एकदाच पाहिला, तो लस टोचायला पंचायतीच्या हॉलात आणला होता तेव्हा. मी फायली लावायचं सोंग करत राहिलो.

रिकाम्या फळीकडे बघत उभा होतो, तेवढ्यात पल्लवी कागद घेऊन आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भिकाजीमामा, यंत्राचो रिपोर्ट इलो," ती म्हणाली. "खालच्या वाड्यातल्या अकराय घरांनी फोन घेतलो. अकराय घरांनी एक दाबलो."

२

सरपंच बाहेरगावी होता. दुपारी आली ती सुमंगलाबाय.

तीस वर्षं ती तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. आता वय अडुसष्ट, डोळ्याला जाड चष्मा, हातात छत्री, ऊन असो वा पाऊस. गावाच्या आपत्ती समितीत एक ज्येष्ठ नागरिक लागतो म्हणून सरपंचानं तिचं नाव टाकलं होतं. तिला बिचारीला वाटलं, खरंच काम आहे.

तिनं रिपोर्ट ओळीओळीनं वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "घर अकरा. बाबली. चार वाजून बारा मिन्टां, एक दाबलो. पल्लवी, बाबलीकडे फोन कधी होतो गे?"

"नाय, बाय. तेना जल्मात फोन घेवक नाय."

चारला म्हैस आणायला गेलेला, कधी फोनला हात न लावलेला माणूस, त्या क्षणी कुठे होता देव जाणे, आणि त्याच्या नावावर कुणीतरी एक दाबला होता. व्हरांड्यात जमलेल्या माणसांतून एकजण पुटपुटला की हे माणसाचं काम नव्हे. मला मात्र माणसाचीच भीती वाटत होती. कुठल्यातरी बंद खोलीत कुणीतरी अकरा फोन समोर मांडून बसला आहे, एकेक वाजतो तसा एकेक उचलतो, शांतपणे एक दाबतो, आणि खाली बायका चहा टाकताहेत. हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

"नंबर खंय हत?" सुमंगलाबायनं विचारलं. रिपोर्टात दहाच्या दहा आकड्यांच्या जागी फुल्या होत्या.

"ते आता कोणाकच दिसनत नाय," पल्लवी म्हणाली. "एकदा भरले की मीसुद्धा परत बघूक शकनंय नाय. वरच्या ऑफिसान लेखी पत्र मागला, तीन दिवस लागतले. पुरे नंबर फक्त त्या फायलीत."

फुल्या कुणामुळे आल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी शांतारामकडे बघितलं. शांताराम म्हणजे खालच्या वाड्याचा पंच, आणि पोटासाठी जमिनीची दलाली. गेल्या महिन्यात त्यानं वरच्या वाड्याच्या फाईलचे फोटो काढून कुण्या प्लॉटवाल्याला दिले. मग आठवडाभर आमच्या म्हाताऱ्यांना फोन, काका, सडा विकायचा का? लोकांनी पंचायतीत येऊन असा दंगा केला की वरच्या ऑफिसनं सगळे नंबर झाकून टाकले.

"माझ्याकडे कित्या बघतास?" शांताराम भडकला. "नंबर दिले ती चूक झाली, मान्य. म्हणान मी माणसां बुडवतलंय?"

"खालची जमीन कोणाची रे?" सुमंगलाबायनं शांतपणे विचारलं.

"माझ्या काकाची."

"आणि ती अकरा घरां मुंडकार म्हणान हक्क लावतत. केस चालू आसा. खरां ना?"

मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणारे, गोव्यात कायदा त्यांच्या बाजूनं असतो. शांतारामच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, सापडला. पाण्यानं घरं रिकामी झाली की केसच संपली. काठी घेऊन त्याच्या अंगावर जावं असं वाटलं.

सुमंगलाबायनं पुढे काही विचारलं नाही. ती पल्लवीकडे वळली. पल्लवी कंत्राटावर आहे, चूक निघाली तर उद्याच घरी. ती रडकुंडीला आली होती. "बाय, मी आकडो न आकडो दोनदा तपासलेलो. पोलिसांक सांगा, फाईल सोधून काढा. फाईल मेळली की कळतला, मी चुकूक नाय ता."

बाहेर नदीकडून हाका ऐकू येत होत्या. विशाल आणि खालच्या वाड्यातले बाप्ये सकाळपासून काठानं बाबलीला शोधत फिरत होते. बायका घरांतला चिखल उपसत होत्या. धरणावरून सकाळी निरोप आला होता की दारं बंद केली आहेत, घाटात पुन्हा पाऊस झाला तरच उघडू.

सुमंगलाबाय पायरीवर येऊन पूर्वेकडे बघत राहिली. मीही बघितलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. घाटावर मात्र आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

३

"भिकाजी, हयसर बस," ती म्हणाली. "चोरापेक्षा माका त्या यंत्राचा भय दिसता. गेट परत उघडलो तर परत अकराय एक दाबले जातले, आणि वर समजतले सगळी सुखरूप हत. तेच्या आधी कळूक व्हया, ते फोन खंय वाजतत."

मी बसलो. ती छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत होती.

"मी तीस वर्षां लोकांचे निरोप जोडले. मरणाचो निरोप घेणारो माणूस कसो बोलता, ता माका कळता. आता तू माका सांग. समज, तू काठार रवतंस. फोन इलो, पाणी येता म्हणून. काय करशीत?"

"पळान."

"आणि एक दाबूचो?"

"एक दाबूक खंय वेळ आसतलो, बाय? पोरांक उचलतलंय काय बटण दाबतलंय?"

"मगे बघ. ह्या अकरा जणांनी सगळो निरोप शेवटपर्यंत ऐकलो. एकान सुदीक मधी फोन कापूक नाय. सांगल्यासारखो एक दाबल्यानी आणि बसले. भियेलो माणूस असो वागना नाय. ज्याच्या घराक पाणी लागूचा नाय, तोच असो वागता."

मला ते पटलं.

"म्हणजे यंत्र खरां बोलता," ती पुढे म्हणाली, "आणि खालचो वाडोय खरां बोलता. अकरा फोन वाजले. खालच्या वाड्यात नाय, खंयतरी उंचार, सुक्या जाग्यार."

"शांतारामच्या घरात?"

"तेका अकरा नंबर फायलीत घुसडूक व्हये होते. फॉर्म तेना भरूक नाय, यंत्रातय तेना घालूक नाय. आणि जमीन काकाची, नंबर भाडेकरूंचे. प्लॉटवालो ते फुकटय घेवचो नाय. जी फाईल विकूक येता ती वरच्या वाड्याची, आणि ती कपाटात तशीच आसा."

"मगे पल्लवी?"

"ती तर फाईल सोधा म्हणान रडता. फाईल सापडली तर वाचणारी ती. आपलीच ढाल कोण जाळता?" ती उठली. "फाईल नेली ती ज्याका त्या कागदावरच्या अक्षराचा भय होता तेना. सांग बघूया, अक्षर कोणाचा?"

सिद्धीचं. पंधरा वर्षं गावातली पोरं सांभाळणारी, खालच्या वाड्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला लाडू नेऊन देणारी सिद्धी. माझ्या सुविधाच्या बाळंतपणात रात्रभर आरोग्य केंद्रात बसली होती ती सिद्धीच. मी तर आपल्या घरात बसलो होतो.

आम्ही अंगणवाडीत पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. पोरं नव्हती, पाण्यामुळे सुट्टी दिली होती. सिद्धी चण्यांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर बसली होती. एरवी सुमंगलाबाय दिसली की ती धावत जाऊन खुर्ची आणते. आज जागची हलली नाही.

"सिद्धी, फॉर्म कितक्या वाजता भरलंस गे?"

"अकरा-साडेअकराक, बाय. पोरांक खाऊ वाटून झाल्यार."

"त्या वेळार दादले खंय?"

"चिऱ्यांच्या खणीर. नायतर टिपरार."

"म्हणजे घरात फक्त सुनो. आणि आज सकाळी आमी इचारला कोणाक? दादल्यांक. ते म्हणाले, होय, नंबर दिलो. तेंका वाटला बायलेन आमचोच दिलो." सुमंगलाबाय तिच्यासमोर जमिनीवर बसली, अडुसष्ट वर्षांची बाई, चिखलाच्या फरशीवर. "त्या पोरींनी कोणाचो नंबर दिलो गे?"

सिद्धी डब्यावरून उठली, आणि झाकणाला हात लावायच्या आत मटकन खाली बसून हुंदके देऊ लागली.

४

फाईल चण्यांखाली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

"माका वाटला, माझ्यामुळे माणूस गेलो," सिद्धी सांगत होती. "काल सांजच्या मी किल्ली काढलंय आणि फाईल घेतलंय. जाळूक निघाल्लंय. पण जाळूक हात होवक नाय. बाय, मी काय करू होतंय? दादल्यांचे नंबर आज एक, उद्या एक. नवा सिमकार्ड फुकट मेळता म्हणून महिन्याक बदलतत. बायकांचे फोन घोवाच्या नाहीतर सासूच्या खिशात. मी म्हटलंय, कायम लागता असो नंबर दी. तर पयली म्हणाली, माझ्या भावाचो घाल, तो मेल्यार सुदीक बदलूचो नाय. मगे दुसरीन बापाशीचो दिलो. तिसरीन..."

"अकराय जणींनी माहेरचो दिलो," सुमंगलाबाय हळूच म्हणाली.

"घोवाक सांगा नको म्हणाल्यो. घरात कळला तर महाभारत होतला, संकटात आमी नाय, तुका भाऊस आठवलो काय म्हणान. मीय गप रवलंय. आणि माका ता काय वायट दिसूक नाय, बाय. माझोय नंबर कोणी इचारलो तर मी भावाचोच सांगतंय."

यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. सासरी कितीही सुखाचं असो, आमच्याकडच्या बाईला अडचण म्हटली की माहेर आठवतं. गणेशचवथीला फराळाचं ओझं येतं ते माहेराहून, बाळंतपणाला जायचं ते माहेरी. यंत्रात भरायचा नंबरही माहेरचाच. आणि ती माहेरं दोडामार्गाला, सावंतवाडीला, डोंगरावर, सड्यावर. काल चार वाजून दहा मिनिटांनी अकरा भावांनी आणि बापांनी फोन उचलला, नदीला पाणी येतंय ऐकलं, आपल्या सुक्या अंगणाकडे बघितलं, आणि एक दाबला. बंद खोलीत अकरा फोन घेऊन बसलेला माणूस नव्हताच. तसा कुणी असता तर ती भीती मला परवडली असती.

सुमंगलाबायनं फाईल माझ्या हातात दिली. "एक-एक नंबर वाच. आपण लावून बघूया."

मी पहिलं पान उघडलं, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

तीच बाई. गोड आवाज. नदीला पाणी येत आहे. नदीकाठच्या रहिवाशांनी ताबडतोब उंच जागी जावे. माझा अंगठा सवयीनं गेला, मी एक दाबला. घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती.

"गेट उघडलो!" मी ओरडलो. "काठार माणसां हत, बाबलीक सोधतत!"

फोन परत वाजला. तोच नंबर, तीच बाई.

सुमंगलाबाय दाराकडे निघाली होती. ती थबकली, वळली आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली. "भिकाजी," तिनं विचारलं, "कालय दोनदा इल्लो?"

मी मान हलवली.

"एक तुझ्या घराचो," ती म्हणाली. "दुसरो कोणाचो?"

मला कळायच्या आधी माझ्या हातांना कळलं. मी फाईलचं शेवटचं पान उलटलं. घर क्रमांक अकरा. कुटुंबप्रमुख बाबली. माहिती देणाऱ्याचं नाव सुविधा. आणि खाली, सिद्धीच्या गोल गोल अक्षरात, बारा वर्षं न बदललेला माझा नंबर.

बाबलीच्या नावावर एक दाबणारा मी होतो. चहात उंडो बुडवून.

५

"आता रडूक वेळ नाय," सुमंगलाबाय म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. एक्स्चेंजात बसलेल्या बाईचा झाला. तोवर पल्लवीही पंचायतीतून धावत आली होती. "ह्या फायलीत खालच्या वाड्याचो एकय नंबर नाय. पण माहेरांकडे आसतले. पल्लवी, पयले चार तू लाव. सिद्धी, फुडले तीन. उरलेले मी. एकच वाक्य सांगूचा, काल निरोप इलो तो तुझ्या भयणीचो होतो, आताच्या आता तिका फोन कर आणि वर चढ म्हणान सांग. फालतू बोलणा नाय. हां, लावा."

तिघींनी फाईल मधे ठेवून नंबर फिरवायला सुरुवात केली. त्यात दहा माहेरं वाटली गेली.

"भिकाजी, अकरावा माहेर तू," सुमंगलाबाय मान वर न करता म्हणाली. "सुविधाक लाव."

मी फोन हातात धरून उभा राहिलो. आत शांतारामचा नंबर होता, गॅसवाल्याचा, लाईनमनचा, तीन वर्षांपूर्वी मेलेल्या म्हशीच्या डॉक्टरचा. सुविधाचा नव्हता. लग्नानंतर तिनं नंबर बदलला तेव्हा मी घेतला नव्हता. तिनं माझा दिला होता, आणि माझ्याकडे तिचा नव्हता.

मी पळत सुटलो.

वरच्या वाड्यातून खालच्या वाड्यात उतरायला दोनशे दहा पायऱ्या आहेत, कातळात खोदलेल्या, शेवाळलेल्या. दोन वर्षं मी त्या उतरलो नव्हतो. निम्म्यावर असताना खालून कुणीतरी किंचाळलं आणि मी वाकून बघितलं. मग दिसलं, बायका वर येत होत्या, काठावरचे बाप्ये त्यांच्या मागून. काखेत पोरं, एकीच्या हातात कोंबडी, दोघींच्या कानाला फोन. "माझो भाऊस सांगता, पळ म्हणान!" एक ओरडत होती. निरोप पोचत होते, एका माहेराहून एका सासरी.

त्यांच्यातल्या एकीच्या खांद्यावर माझा नातू होता. सुविधा नव्हती.

"सुविधा खंय?"

"कोंडीकडे, बांबूच्या बेटाक. विशालबरोबर. फोन घरातच रवलो, मी कितकेदा लावलंय!"

बांबूचं बेट नदीच्या वळणावर आहे. काल पाण्यानं आणलेली झाडं, पत्रे, फाटकी ताडपत्री, सगळं तिथं अडकलं होतं. मी चिखलात दोनदा पडलो. धाप लागून आवाज फुटेना. ती दोघं दिसली ती गुडघाभर पाण्यात, पाठमोरी. बांबूंच्या मुळात काहीतरी होतं आणि विशाल ते ओढत होता. जवळ गेल्यावर कळलं, बाबली होता.

"पाणी येता!" मी म्हटलं. "सोडा आणि वर चला."

विशालनं मान वळवली. त्याचे डोळे मी आयुष्यात विसरणार नाही. "बापाशीक हयसर सोडून?"

सुविधानं माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. नदीचा आवाज बदलला होता, दूर कुठेतरी ट्रक चढावर गिअर बदलतो तसा. मला जीव घेऊन पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पुढे झालो आणि माझ्या व्याह्याचे पाय धरले. थंड, सुजलेले पाय. विशालनं खांदे धरले, सुविधानं बांबू वाकवून धरला. तिघांनी हिसडा दिला तसा तो सुटला. आम्ही त्याला उचलून कुळागराच्या बांधावर चढलो, मग वरच्या पायरीवर, मग त्याच्या वरच्या. तिथून पाहिलं तेव्हा बांबूचं बेट जागेवर नव्हतं. तांबडं पाणी होतं, आणि त्यात एक अख्खा माड उभाच्या उभा जात होता.

वरच्या सपाटीवर सगळा खालचा वाडा जमला होता. सुमंगलाबाय फाईल हातात घेऊन नावं मोजत होती. बाबली सोडून सगळी होती. शांतारामनं आपला टेंपो आणला आणि त्यात घोंगडी अंथरली. फौजदार पाचला येणार होता. त्याला कुणाला धरून न्यायचं ते मला आता माहीत होतं, पण असल्या माणसासाठी त्याच्याकडे कलम नसतं.

मी विशालसमोर जाऊन उभा राहिलो. "काल फोन माका इलो," मी म्हटलं. "तुमच्या घराचो. मी ऐकलंय सगळो. एक दाबलंय आणि बसलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं सुविधाकडे बघितलं, आणि तेव्हा त्याला दुसरीही गोष्ट कळली असणार, नंबर कुणी दिला ती. तो वडिलांच्या डोक्यापाशी जाऊन बसला आणि त्यांच्या केसांतला पाला काढू लागला.

"माझो कित्या दिलंस, बाये?" मी सुविधाला विचारलं. "मी तर तुझ्या दारात सुदीक येवक नाय."

"सिद्धीबायन इचारला, कायम लागता असो नंबर सांग. माका तोच पाठ होतो." ती मुलाला थोपटत होती, त्याच्याकडेच बघत बोलली. "आणि माका वाटला, राग असलो तरी पाण्याचा आयकून तू एक फोन तरी करशीत."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो.

तिनं मूल शेजारणीकडे दिलं आणि माझ्यापुढे हात केला. "फोन दी."

मी दिला. पडदा चिखलानं माखला होता. तिनं तो पदरानं पुसला, दहा आकडे दाबले, नाव लिहिलं आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. मी बघितलं. 'सुविधा, घर अकरा' एवढंच लिहिलं होतं, फॉर्मात लिहितात तसं.

"फुडच्या वेळार इलो," ती म्हणाली, "तर एक मागीर दाब. आधी माका लाव."

आणि ती सासऱ्याच्या पायाशी जाऊन बसली.